मागचा पाय

सात रस्त्याजवळच्या मैदानावर माझ्या मुलीला बेसबॉल शिकवणारे सर चेंडूकडे कधी बघतच नाहीत. त्यांची नजर पोरींच्या मागच्या पायावर. चेंडू यायच्या आधी अंगाचा भार त्या पायावर गेला पाहिजे, मारायचं ते नंतर. "घाई कशापायी? आदी भार मागं घे की," हे सारखं चालू. कुणाला जमलं नाही की तिच्या मागच्या पायाखाली स्वतःची चप्पल सरकवतात. "दाब हिला!" आणि आपण तापल्या मातीत अनवाणी उभे.

परवा सामन्यात माझी मुलगी दोनदा हुकली. मी कुंपणाबाहेरून ओरडले, "मार गं!"

सर माझ्याजवळ आले. "ताई, तुमी मार म्हनलं की ती भार घ्यायचं इसरती. जरा गप बघा की."

मी तिच्या मागच्या पायाकडे बघू लागले. पुढच्या चेंडूला तिनं मागच्या पायावर नीट भार घेतला, जीव खाऊन बॅट फिरवली आणि तरीही हुकली. तीनदा हुकली, म्हणजे बाद. सर एकटेच टाळ्या वाजवत होते. "व्हय! आत्ता घेतलास बघ भार!"

हरली की घरी येऊन दार लावून घेणारी माझी पोरगी त्या दिवशी बाद होऊन हसत आली.