मास्तरांविरुद्ध साक्ष

आमचे मास्तर चालत्या गाड्यांना कधी भ्याले नाहीत. त्यांना भीती वाटायची ती उभ्या गाड्यांची. वसईत त्यांचा एका गाडीचा ड्रायव्हिंग क्लास होता. माझ्यासारख्या कितीतरी बायकांनी चाळिशीच्या आसपास त्यांच्याकडेच स्टिअरिंग हातात धरलं.

रस्त्याकडेला गाड्यांची रांग दिसली की ते म्हणायचे, "आधी सीटवर डोकं दिसतंय का बघ. डोकं दिसलं म्हणजे दार उघडणार असंच समजायचं. मग खालून बघ, चाकांपाशी पोरांचे पाय दिसतात का." विरारला, जिथे दोन्ही कडांना गाड्या लावून रस्त्याची गल्ली झालेली असते, तिथे ते मुद्दाम मला पायी चालवत न्यायचे. "घाई त्यांना असते, जबाबदारी आपली असते," असं सांगायचे.

गाडीतून उतरायचंसुद्धा त्यांनी शिकवलं होतं. उजवीकडचं दार डाव्या हाताने उघडायचं, म्हणजे अंग वळतं आणि मान आपोआप मागे जाते. मी एकदा उजव्या हाताने कडी ओढली, तर त्यांनी मला वीस वेळा बसवलं आणि वीस वेळा उतरवलं. रस्त्यावरची माणसं हसत होती. मास्तर हसले नाहीत. "मागून येणाऱ्याचा जीव तुझ्या मनगटात आहे, बाई," एवढंच म्हणाले.

लायसन्स मिळाल्यावर मी जुनी गाडी घेतली. ब्रेक बघायला म्हणून मास्तरांनी ती स्वतः चालवायला घेतली. मी शेजारी बसले. सकाळची वेळ. वसईत होळी म्हणतात त्या भागातल्या बाजारापाशी त्यांचा फोन वाजला, म्हणून त्यांनी गाडी कडेला घेतली. बोलता बोलताच ते उतरायला लागले. फोन डाव्या हातात होता. त्यांनी उजव्या हाताने दार ढकललं.

मागून स्कूटरवर जवळच्या वटार गावची एक भाजीवाली मावशी येत होती. ती दारावर आदळली, रस्त्यावर पडली, पालेभाजीच्या जुड्या दूरवर उडाल्या. तिचा हात कोपरापासून भलताच वळला होता. "मी सावकास येत होते वो," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

गर्दी जमली. मास्तर पांढरेफटक पडले होते, पण आवाज मात्र स्थिर होता. "दार केव्हाचं उघडंच होतं. बाईच जोरात आल्या. हिला विचारा, ही माझ्या शेजारीच बसली होती."

सगळे माझ्याकडे वळले. मास्तरही बघत होते, परीक्षेत मला ज्या नजरेने धीर दिला होता त्याच नजरेने. मी मान हलवली. होकाराची.

ती मान मला दोन दिवस झोपू देईना. दवाखान्यात मावशीला बघायला गेले. हाताला प्लास्टर होतं. तिने मला ओळखलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. तिथून मी सरळ पोलीस चौकीत गेले आणि घडलं तसं सांगितलं. आधी खोटी मान हलवली, हेही सांगितलं.

संध्याकाळी मास्तर माझ्या फाटकापाशी आले. आत या म्हटलं, आले नाहीत.

"तुला मी मुलीसारखं शिकवलं. आणि तू माझ्यावर उलटलीस?"

"मास्तर, चूक कोणाकडूनही होते. पण तुम्ही ती तिच्या माथी मारलीत. आणि त्यासाठी मला वापरलंत."

"क्लास बंद पडेल माझा. पंचवीस वर्षांचं नाव जाईल."

"तिचा हात गेला असता, मास्तर."

ते निघून गेले. क्लास खरंच बंद झाला. पुढे रस्त्यात दिसले तरी ते दुसरीकडे बघायचे, आणि खरं सांगायचं तर मीही. ज्या माणसाच्या शब्दावर विसंबून मी रस्त्यावर उतरले, त्याने मला खोटी साक्षीदार केलं, हे मला गिळवत नव्हतं.

गेल्या वर्षी ते गेले. मी मयताला गेले, मागेच उभी राहिले. शेजारी कोणीतरी येऊन थांबलं. वटारची मावशी होती. तिचा उजवा हात अजून पूर्ण सरळ होत नव्हता.

"तुम्ही आलात?" मी विचारलं.

"आले," ती म्हणाली. "मानूस वाईट नव्हता. पन एकदा घरी यायला पायजे होता. मी वाट बघत होते."