थंड पाण्याची खबर

हुकूमशहाच्या राज्यात गुप्त पोलिसाला पाहून माणसं गप्प होतात म्हणे. सिल्वासाजवळ गलोंडा गावातल्या कारखान्यात तसलंच काम मी करायचो. कामगारांचं बोलणं चिठ्ठीत लिहून मॅनेजरला पोचवायचो. हे आज पहिल्यांदाच कबूल करतोय.

मी जवळ गेलो की सगळे गप्प व्हायचे. धुळ्याकडचा एक ऑपरेटर मात्र उलट मोठ्याने बोलायचा, तेही सावकाश, मास्तर शुद्धलेखन घालतात तसं.

एकदा थंड पाण्याचं मशीन हवं म्हणून तो असाच बोलला. त्याची नोकरी जाईल म्हणून मी ते वर सांगितलंच नाही. आठ दिवसांनी त्यानेच मला गाठलं.

"काय भाऊ, पाण्याचं अजून पोचवलं नाही?"

म्हणजे याला सगळं ठाऊक होतं. मी कसंबसं म्हटलं, "तुला काढतील रे."

"मग चिठ्ठीत सगळ्यांची नावं घाल ना. किती जणांना काढतील?"

त्याने तिथेच हाका मारल्या. सगळ्यांनी हसत हसत मला नावं सांगितली. एकाने तर आडनाव नीट लिहिलंय का, तेही तपासलं.

"आणि तुझं? तू काय उकळतं पाणी पितो?"

इतकी वर्षं बिनसहीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या मी त्या चिठ्ठीखाली सही केली, पूर्ण नावानिशी.