घरचा वाफा

संस्कृती नदीकाठी जन्माला येते, असं मी कॉलेजात बरीच वर्षं शिकवलं. आमचं शेत नाल्याकाठी आहे. सोलापूर शहराचं सांडपाणी आमच्या बांधावरून वाहतं, आणि नद्यांच्या तुलनेत त्याचा मोठा गुण म्हणजे ते मे महिन्यातही आटत नाही.

त्या पाण्यावर वडिलांनी आणि पुढे माझ्या थोरल्या भावाने पालक, मेथी, वांगी पिकवली आणि पहाटे बाजारात नेली. घरात मात्र ती भाजी शिजत नसे. नाल्याकाठच्या प्रत्येक शेतात विहिरीजवळ एक छोटा वाफा असतो, घरचा वाफा. त्याला फक्त विहिरीचं पाणी. याबद्दल कोणी बोलत नाही. त्यात बोलण्यासारखं काही नाही असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं आहे. शहरात माझ्याकडेही वहिनी त्याच वाफ्यातली भाजी वेगळ्या पिशवीत पाठवायची.

एकदा भवानी पेठेतल्या एका गिऱ्हाईक बाईंनी पालकाची जुडी उलटसुलट करत भावाला विचारलं, "तुमच्या घरी हीच खाता का?"

"खातो की," भाऊ म्हणाला. त्या दिवशी तो अर्धा माल न विकताच परत आला.

हे 'खातो की' खरं करायचं, एवढंच मग त्याच्या डोक्यात राहिलं. शेतीच्या एका मेळाव्यात, हारतुरे संपल्यावर उरलेल्या थोड्या वेळात, कोणीतरी चुकून कामाचं बोललं होतं: असल्या पाण्यातले जड धातू मातीत साठतात आणि तिथून पाल्यात चढतात, मातीत कोळसा आणि कुजलेलं शेणखत असलं, तर त्यातले बरेचसे मातीतच अडकून राहतात. भावाने खड्ड्यात तुरकाट्या कोंडून जाळल्या, कोळसा कुटला आणि अर्ध्या रानात मिसळला. पालक पिवळा पडला. कोरड्या कोळशाने आधी खतच शोषून घेतलं होतं.

"रान काळं केलंस, पीक पिवळं केलंस," शेजारचा शेतकरी बांधावरून म्हणाला. "हिरवं कवा करनार हाईस?"

पुढच्या हंगामात भावाने कोळसा शेणाच्या काल्यात चांगला मुरवून मग घातला. नाल्याचं पाणी पानांना लागू न देता सरीतून सोडलं, काढणीच्या बऱ्याच आधी ते बंद करून विहिरीचं दिलं, आणि कच्ची खायची कोथिंबीर नाल्यावर लावणंच सोडलं. पालक गडद हिरवा आला. प्रयोगशाळेत दोन्हीकडचा पाला तपासला. कोळशाच्या रानातला सुरक्षित मर्यादेत बसला, जुन्या रानातला बसला नाही.

हे मी वहिनीला वर्गात समजावतात तसं समजावलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ह्यो पावसाळ्यातला पाला हाय, भाऊजी. उन्हाळ्यात नाला घट्ट हुतोय. तवा तपासा की."

भाऊ वैतागला. "समद्यांना पटलं, हिलाच पटंना."

"समदे हितं जेवायला न्हाईत," वहिनी म्हणाली.

तिचं बरोबर होतं, त्यामुळे वाद पुढे सरकला नाही. भावाने उरलेल्या रानातही कोळसा घातला आणि ऐन उन्हाळ्यात पुन्हा पाला नेला. तोही मर्यादेत निघाला. वहिनीने एवढंच विचारलं, "सगळ्या वाफ्यातला दिला हुता न्हवं?"

नंतरच्या एका रविवारी मी शेतावर जेवायला होतो. शेंगदाणे घातलेली पालकाची पातळ भाजी आणि भाकरी.

"घरचा पालक लई चांगला आलाय," भाऊ म्हणाला.

वहिनीने हातातली भाकरी थापून पूर्ण केली. "घरचा कवाच सरला. खालच्या, नाल्याच्या रानातला हाय."

भावाने वाटी पुढे केली आणि वहिनीने ती काठोकाठ भरली. मी आयुष्यात पुष्कळ गौरवपर भाषणं ऐकली आहेत, काही नाइलाजाने केलीही आहेत. वहिनीच्या त्या वाक्याच्या जवळपासही त्यातलं एक पोचत नाही. निघताना मला मिळालेल्या पिशवीतही तोच पालक होता, आणि ती पिशवी मी बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो.

पुढच्या मेळाव्यात भावाला शाल मिळाली. भवानी पेठेतल्या त्या बाईंना तो आता न विचारताच 'घरी हीच खातो' म्हणून सांगतो.

घरचा वाफा वहिनीने मोडला. विहिरीच्या पाण्यावर तिथे शेळीसाठी घास लावलाय.