घोंगडीवर शिकवलेला चेंडू

दाजींना जाऊन दोन महिने झाले. लोक अजून आक्काकडे भेटायला येतात. थोडा वेळ बसतात आणि मग कोणी तरी त्या सामन्याची गोष्ट काढतं. सांगून झालं की माझ्याकडे बोट दाखवतात. तो चेंडू यांनीच शिकवला, पुस्तकातून. इतकी वर्षं मी हे ऐकताना मान थोडी खाली घालत आलो. नम्रतेसाठी नव्हे, ती दिसावी म्हणून. आता खरं काय ते लिहून काढतो आहे. माझा लिहिण्याचा वेग पाहता वर्षश्राद्धापर्यंत पुरं व्हावं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. सोलापुरातल्या एका गिरणीत ते पहिल्यांदा कापूस पिंजायच्या खात्यात लागले. तिथून संध्याकाळी घरी आले की त्यांच्या भुवया पांढऱ्या असत. आक्का आधी त्यांच्या भुवया पुसायची, मग पाणी द्यायची. खोकला तेव्हापासूनचा. पण अंगात ताकद होती, आणि लांबून धावत येऊन ते असा चेंडू टाकत की समोरचा बॅट उचलायच्या आत मागचे स्टंप उडत. गिरणीच्या संघात त्यांना घेतलं, आणि सहा महिन्यांत घडीखात्यात बसवलं. तिथे कापडाच्या ठाणांच्या घड्या घालायच्या, खिडक्या मोठ्या, हवा स्वच्छ. कागदावर कुठे लिहिलेलं नव्हतं, पण गिरणीत सगळ्यांना ठाऊक होतं: संघात आहे तोवर घडीखातं.

दाजींनी चाळिशी ओलांडली आणि चेंडूचा जोर ओसरला. धाव तीच, हात तसाच गरकन फिरायचा, पण चेंडू पोरासोरांनाही दिसू लागला. त्यातच संघाला नवा कप्तान आला, विणकाम खात्याचा साहेब. नाताळात होटगीच्या रेल्वेवाल्यांशी सामना होता. त्यात विकेटी मिळाल्या नाहीत तर जागा दुसऱ्या तरुण माणसाला द्यायची, असं त्याने दाजींना सांगितलं. पुढचं सांगायची गरज नव्हती. घडीखात्यातली जागाही त्या तरुणाला जाणार, आणि दाजी परत कापसात.

आक्काने मला हे भाकरी थापता थापता सांगितलं. मी तेव्हा हायस्कुलात शिक्षक होतो. उभ्या जन्मात मी एक सामना खेळलो होतो, त्यातही माझा चष्मा पंचांनी धरून ठेवला होता. तरीही मी म्हणालो, काळजी करू नकोस, माझ्याकडे पुस्तक आहे.

पुस्तक शाळेच्या कपाटातलं होतं, कोणा इंग्रज खेळाडूने लिहिलेलं, कडेने कसर लागलेलं. त्यात मनगट वळवून टाकायच्या चेंडूवर एक प्रकरण होतं आणि हाताची चार चित्रं. ती मी तीन रात्री अभ्यासली. चौथ्या दिवशी दाजींना चेंडू कसा धरायचा ते दाखवायला गेलो, तर तो माझ्या हातून निसटून पिठाच्या डब्यात पडला. दाजींनी तो काढला, फुंकला आणि म्हणाले, "मास्तर, सोडायचा कुटं त्ये कळलं. धरायचा कसा त्येवढं दावा."

ते मला मास्तरच म्हणत, आणि अहोजाहो करत. आधी मला तो मान वाटे. पुढे पुढे शंका येऊ लागली.

संघातल्या कोणाला कळायला नको होतं, म्हणून पहाटे, गिरणीचा पहिला भोंगा व्हायच्या आधी, आम्ही गावाबाहेरच्या माळावर जाऊ लागलो. आता अडचण अशी की सामना काथ्याच्या चटईवर होई. मुरमाची जमीन, वर चटई ताणायची आणि चारी बाजूंनी लोखंडी खिळे ठोकायचे. ती चटई गिरणीच्या गोदामात कुलपात असे. चटईशिवाय सराव शास्त्रशुद्ध होणार नाही असं मी ठरवलं आणि आईची घोंगडी उचलून आणली. सांगोल्याच्या धनगराकडून घेतलेली, काळी, जाड घोंगडी. आई त्या घोंगडीवर जपाला बसे. तिला खिळे ठोकायचा धीर मला झाला नाही. मी चार कोपऱ्यांवर चार धोंडे ठेवले.

पहिल्याच दिवशी दाजींचा चेंडू घोंगडीवर पडला आणि वीतभर वळला. मी शाळेची फूटपट्टी काढून मोजलं. दुसऱ्या दिवशी दीड वीत. मी वही घातली. तारीख, मनगटाचा कोन, वळण बोटांत. एका पानावर बाणांची आकृती काढून तिला रंगही दिला. दाजी कमरेवर हात ठेवून आकृतीकडे बघत आणि म्हणत, लई झ्याक हाय.

बॅट नव्हती, म्हणून आक्काचं धुणं बडवायचं धोपाटणं घेऊन मीच समोर उभा राहत असे. चष्मा दोऱ्याने डोक्याला बांधलेला, पायांना जुन्या गोधडीचे तुकडे. दाजी लांबून धावत येत, हात पूर्वीसारखाच गरकन फिरे, आणि मी डोळे मिटून धोपाटणं फिरवी. डोळे उघडले की चेंडू माझ्यामागे पडलेला असे. महिनाभरात धोपाटण्याला तो एकदा लागला, तोही मी फिरवून झाल्यावर आपणहून येऊन टेकला. हे मी माझ्या शिकवण्याचं यश मानलं.

सामन्याच्या दिवशी मी वही घेऊन मैदानाकडेच्या लिंबाखाली बसलो. समोर चटई ताणलेली, ढोलासारखी घट्ट. एवढ्या घट्ट चटईवर चेंडू किती वळेल या विचाराने मला त्या रेल्वेवाल्यांची कीव आली.

दाजींनी पहिले सहा चेंडू जुन्या पद्धतीनेच टाकले. त्यातले तीन सीमेपार गेले. त्यांना खोकल्याची उबळ आली, ते पाठ करून उभे राहिले. साहेब कप्तानाने दुसऱ्या बोलरला हात मोकळा करून तयार राहायला सांगितलं. मी लिंबाखालून मनगट वळवून दाखवू लागलो, एकदा, दोनदा, दहादा. शेजारच्या माणसाने विचारलं, हात आखडला काय. दाजींनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग साहेबापाशी जाऊन त्यांनी आणखी सहा चेंडूंची एक फेरी मागून घेतली.

ते धावत आले. तीच धाव, तोच हात. रेल्वेच्या धिप्पाड गड्याने बॅट फिरवली, पुरी फिरवली, आणि चेंडू अजून वाटेतच होता. तो आला, टप्पा घेतला आणि मधला स्टंप पाडून थांबला. त्या फेरीत आणखी दोघे तसेच गेले, दिवसभरात एकंदर सात.

मी मात्र नीट बघत होतो. एकही चेंडू वळला नव्हता, बोटभरसुद्धा नाही. मी वहीत लिहिलं: वळण, अतिसूक्ष्म.

घरी येताना मी दाजींना विचारलं, आज वळला कसा नाही.

"वळला की," ते म्हणाले. "तितनं दिसत न्हाय." आणि थोडं चालून गेल्यावर, "पुस्तक लई भारी हाय तुमचं, मास्तर."

मला तेवढं पुरलं. मी शाळेत फळ्यावर रंगीत खडूंनी अतिसूक्ष्म वळणाची आकृती काढली आणि पाऊण तास घालवला. दाजी पुढे चार हिवाळे संघात राहिले. मग साहेबच कंटाळून म्हणाला, हा माणूस घडीखात्यात बरा दिसतो, असू दे. ते शेवटपर्यंत तिथेच होते. छातीत कापूस आधीच बसलेला होता, तो काही निघाला नाही. पण डॉक्टर म्हणाले, परत तिकडे गेले असते तर एवढी वर्षं निघाली नसती.

गेल्या आठवड्यात मी आक्काकडे बसलो होतो. आलेल्या मंडळींपैकी एकाने पुस्तकाची गोष्ट सांगितली, मी मान खाली घातली. मंडळी गेल्यावर आक्का म्हणाली, "अरं, त्येंनी तुजं पुस्तक दुसऱ्या दिशीच सोडलं हुतं."

मग तिने सगळं सांगितलं. धोंडे ठेवले तरी घोंगडी दर चेंडूला सरकायची, तिला मधे घडी पडायची, आणि चेंडू त्या घडीवरून उसळून वळायचा. दाजींनी ते दुसऱ्या दिवशीच ओळखलं. सराव बंदच करणार होते. पण समोर मी डोळे मिटून उभा. मला लागू नये, चष्मा फुटू नये, आणि हळू टाकतात असं कळून मला वाईटही वाटू नये, म्हणून ते चेंडू तळहातात खोल दाबून धरू लागले. धाव पुरी, हात पुरा, फक्त चेंडू हळू निघून मागे राहायचा. मी रोज आधीच धोपाटणं फिरवून मोकळा होई. आठ दिवस ते बघून दाजी घरी म्हणाले, मास्तर फसतोय ते सोड, त्याला काहीही टाकलं तरी तो फसतो. पण हात फिरवताना मला स्वतःलासुद्धा हा चेंडू जोरातच गेल्यासारखा वाटतो, मग रेल्वेवाले का फसणार नाहीत.

मी विचारलं, मग मला कधी सांगितलं का नाही. आक्काने पदराने डोळे टिपले.

"तू ती वही काडलीवतीस न्हवं. म्हनायचे, नगं सांगू त्येला, लई मन लावून लिवतोय."

मी विचारलं, दाजी मला हसायचे का.

"तुला न्हाई," आक्का म्हणाली, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू आलं. "त्या चार धोंड्यांस्नी मातर लई हसायचे."