हौसाबाईचा एक पक्षी

दापोड्याच्या हौसाबाईला कोणी पक्ष्यांची जाणकार म्हटलं असतं, तर ती तोंडाला पदर लावून हसली असती. चौथी शिकलेली बाई ती. पण गोदामांच्या मागे उरलेल्या तळ्यावर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती बारा वर्षं न चुकता बसली. कमळपक्षी मोजायचे आणि कागदावर आकडा लिहायचा, एवढंच काम. अशी मोजणारी माणसं आणखी पाच गावांत होती, आणि सहाही गावांचे कागद कॉलेजात शिकवणारी मृणाली एकत्र लावायची. ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावायची, "मावशी, एकही दिसला नाही तर शून्य लिहायचं. शून्यसुद्धा कामाचं असतं."

हौसाबाई मान डोलवायची आणि करायची आपलंच. तिच्या घरात तांदळाचा डबा कधी पुरता रिकामा झाला नव्हता. तळाशी मूठभर ठेवायचेच, ही सासूची शिकवण. मग लहानपणापासून भरलेलं पाहिलेल्या तळ्यापुढे शून्य कसं लिहायचं? गोदामांसाठी तळ्यात पडणारा मातीचा भराव पुढे सरकला, कमळं गेली, पक्षी गेले. हौसाबाई लिहीत राहिली, एक. तीन वर्षं, दर महिन्याला, एक.

तळं बुजवायचं की राखायचं याची सुनावणी लागली, तेव्हा मृणालीने मोठ्या आशेने सहाही गावांचे बारा वर्षांचे कागद सुनावणी घेणाऱ्या साहेबांपुढे ठेवले. साहेबांनी ते खरोखर वाचले, तिथेच पंचाईत झाली.

"भराव पडूनही पक्षी तीन वर्षं टिकून आहे की! मग नुकसान कसलं?"

मागच्या बाकावरून हौसाबाई उठली.

"साहेब, तो पक्षी न्हाय. तीन वर्सं झाली, न्हायच. मीच मनानं लिवला."

"म्हणजे बाकीचे आकडेही असेच?" साहेबांनी फाइल मिटली.

सहा गावांची बारा वर्षं तिथल्या तिथे बाद झाली. मृणाली कागद गोळा करून तशीच निघून गेली, आणि तेच हौसाबाईच्या जिव्हारी लागलं. पोरीने चारचौघांत झापलं असतं तरी चाललं असतं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तळ्यात डंपर मुरूम ओतत होते. हौसाबाई काठावर, म्हणजे पूर्वी काठ होता तिथे, दुपारपर्यंत बसली. मग तिने कागदावर तारीख घातली आणि पुढे शून्य लिहिलं. बारा वर्षांतलं पहिलं. तो कागद मागायला आता कोणी येणार नव्हतं.