डासाला गाव विचारणारे सर

अंगावर बसलेल्या डासाला मारायच्या आधी त्याचं गाव विचारणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच होता, आणि त्याच्या घरी मी अकरा वर्षं पोळ्या केल्या. त्यांना मी सर म्हणायचे. कॉलेजात किड्यांचा विषय शिकवून ते निवृत्त झाले होते आणि कोपरला दोन खोल्यांत एकटे राहत होते. एका खोलीत सर राहायचे, दुसरीत डास.

ते डास मेलेले असत. मिठाईच्या रिकाम्या डब्यांत कापूस घालून ठेवलेले. कागदाचा नखाएवढा त्रिकोण कापायचा, त्याच्या टोकाला गोंदाने एक डास चिकटवायचा आणि डब्यावर गाव आणि महिना लिहायचा. मग दुर्बिणीखाली धरून एकेकाचा पंख मोजायचा आणि वहीत मांडायचा. मी पहिल्यांदा डबा उघडला तो पेढे असतील म्हणून. किंचाळलेच. सर आतून ओरडले, "हिरा, फुंकर मारू नकोस हां! वागळे इस्टेट उडून जाईल."

पाहुणा आला की आमच्याकडे चहाच्या आधी सूचना मिळायची, चापट मारायची नाही. एकदा शेजारच्या काकांनी स्वतःच्या गालावर फाडकन मारली. सर भिंग घेऊन त्यांच्या गालाशी गेले आणि हळहळून म्हणाले, "अहो, वाया घालवलात! पंखाचा चुरा केलात." त्यांचा गाल लाल झाला होता, ते सरांना दिसलंच नाही. डास पकडायला सर काचेची नळी घेऊन फिरायचे. नळीला रबरी तुकडा, मधे जाळीचं फडकं, आणि दुसऱ्या टोकाने तोंडाने ओढायचं. वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यामागे नाल्याशी वाकलेले असताना वॉचमनने त्यांना धरलं होतं.

"काय चोरताय?"

"डास."

"किती?"

"वीस मिळाले तरी पुष्कळ."

"सगळे घेऊन जा साहेब," वॉचमन हात जोडून म्हणाला, "फक्त परत आणू नका."

मी एकदा विचारलं, माझ्या भाच्याला डेंगू झाला होता तेव्हा, की सर, या मेल्यांचे पंख मोजून काय मिळतं? सर रागावले नाहीत. ते म्हणाले, "वागळेचा डास पत्र्याखालच्या तापलेल्या पाण्यात घाईघाईने वाढतो, म्हणून अंगाने बारका राहतो. तुझ्या कोलशेतचा खाडीच्या वाऱ्यात, गार पाण्यात निवांत वाढतो, म्हणून त्याचा पंख लांब. लहानमोठ्या अंगावर त्याचं जगणं, उडणं, चावणं अवलंबून असतं. कुठला कसा हे कळलं, तर औषध कुठे आणि कधी मारायचं ते कळेल." मला बाकीचं फार समजलं नाही. पण माझ्या माहेरचा डास अंगाने भरलेला आहे हे ऐकून बरं वाटलं.

पुढे सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि डब्यांवर नावं लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी चौथीपर्यंतच शिकलेली. शाळा सुटल्यापासून सहीशिवाय काही लिहिलं नव्हतं. सर म्हणायचे, "अक्षर वाकडं चालेल, माहिती सरळ पाहिजे. लेबल खोटं असलं की डास फुकट मेला."

एका मे महिन्यात ऑपरेशनसाठी सर मुलीकडे नाशिकला गेले. किल्ली माझ्याकडे होती. झाडताना कोलशेतच्या डब्याला कुबट वास आला. उघडला तर कापसावर पांढरी बुरशी. आम्हा कोळ्यांच्या घरी पावसाळ्याआधी सगळं उन्हाला पडतं, बोंबील, जवळा, पापड. मला दुसरं काय सुचणार? गच्चीत धुतलेली साडी अंथरली आणि सरांनी कित्येक वर्षांपूर्वी जानेवारीतल्या थंडीत पकडलेल्या चाळीस डासांना जवळ्यासारखं पसरलं. पाणी प्यायला खाली गेले. वर आले तेव्हा साडी होती आणि खाडीकडून वारा होता. डास सहा उरले होते.

मी रडले, आणि मग जे करायला नको होतं ते केलं. सरांची नळी पिशवीत घालून कोलशेतला माहेरी गेले. घरामागच्या त्याच नाल्याशी दोन दिवस बसले. वहिनी दारातून बघत म्हणाली, "काय गो, येरी झालीस काय? लोकं मच्छर मारतान, तू पकरतेस?" चौतीस पकडले, चिकटवले. डब्यावर सरांचं जुनं लेबल पुसट झालं म्हणून मी माझ्या अक्षरात उतरवलेलं लेबल होतं. कोलशेत, जानेवारी. ते तसंच ठेवलं. मला वाटलं, गाव तेच, नाला तोच. डास तो डास.

सर नवी नजर घेऊन आले. म्हणाले, आता सगळे पुन्हा मोजतो, कॉलेजला डबे द्यायचेत. पहिला डबा कोलशेतचाच काढला. दुपारपर्यंत ते दुर्बिणीवर वाकलेले होते. मग वही मिटून बसले. ताटातल्या पोळीला हात लावला नाही.

"हिरा, मी इतकी वर्षं चुकीचं मोजलं बघ. कोलशेतचे डास लहान निघाले. अधूनमधून एखादा मोठा आहे, बाकी वागळेसारखेच. मोतीबिंदूने मला फसवलं. जे व्हावंसं वाटत होतं तेच दिसत राहिलं." मग डबा बाजूला सारत म्हणाले, "कॉलेजला कळवतो, घेऊ नका. उद्या हे सगळे डबे आणि वह्या कचऱ्याच्या गाडीत दे."

मी जन्मात कोणासमोर मोठ्याने बोलले नव्हते. ओट्याला धरून उभी राहिले.

"सर, ते डास माझे आहेत."

"म्हणजे?"

मग सगळं सांगितलं. साडी, वारा, नळी. मला वाटलं, आता सर म्हणतील, किल्ली ठेव आणि जा.

"पकडलेस कधी?"

"आत्ताच. मे महिन्यात. नाल्यातलं पाणी नुसतं कढत होतं."

सर ताडकन उठले. जुनी वही उघडली, मी दाखवलेले जुने सहा पुन्हा मोजले, वहीशी जुळवले. आणि टेबलावर थाप मारून हसले. "म्हणजे मी बरोबर होतो! अगं, तोच नाला, तीच जागा, फक्त ऊन वाढलं आणि अंग एवढं आटलं! हे मला दहा वर्षांत सुचलं नाही." मग ते सहा परत कापसावर ठेवले. "जुने मात्र गेले. तेव्हा तिथे खाजण होतं, खाडीच्या भरतीची दलदल, मोकळा वारा होता. आता भराव पडला. तसे परत मिळायचे नाहीत." एवढंच म्हणाले. त्यानंतर तो विषय त्यांनी कधीच काढला नाही.

माझे चौतीस वेगळे काढून त्यांनी नवा डबा केला आणि त्याचं लेबल स्वतः लिहिलं. कोलशेत, मे. गोळा करणारी, हिरा.

नंतर सर मुलीकडेच राहायला गेले. बाकीचे डबे कॉलेजात गेले, हा एक मला देऊन गेले. नाशिकहून फोन यायचा, "तिकडे ऊन कसं आहे?" मी सांगायचे. दोन वर्षांपूर्वी फोन आला तो मुलीचा होता.

डबा माझ्या कपाटात साड्यांखाली आहे. दर मे महिन्यात बाहेर काढते, पण उन्हात ठेवत नाही. संध्याकाळी हातावर डास बसला की चापट वर जाते आणि तिथेच थांबते. "कुठला रे तू?" असं मी हळूच विचारते. तेवढ्यात तो पोटभर पिऊन उडून जातो. सरांना त्याने सांगितलं असतं.