दारातली दुधाची पिशवी

संघाने गोल केला त्या क्षणी जो जिथे असेल, त्याने सामना संपेपर्यंत तिथून हलायचं नाही, हा हॉकीकाकांच्या घरचा कायदा होता. क्रिकेटसाठी तो आपण सगळेच पाळतो. काकांनी तो आइस हॉकीला लावला, तोही मीरारोडला बसून, कॅनडातल्या एका संघासाठी. उभ्या आयुष्यात या माणसाने बर्फ पाहिला तो भाईंदरच्या मासळी बाजारात, पापलेटांवर. पण काका भल्या पहाटे उठून "अरे गाढवा, पास दे की!" असं ओरडायचे आणि भिंतीपलीकडे माझी झोप मोडायची.

या वेडाचं मूळ त्यांची कॅनडातली लेक स्वप्ना. तिने तिकडच्याच मुलाशी लग्न केलं. जावई अबोल. लेकीचं बोलणंही "जेवलात का, गोळी घेतली का" इथवर येऊन संपायचं. पुढे काकांना कळलं की जावई त्या संघावर जीव टाकतो. मग काय, प्रत्येक सामन्यानंतर तिकडून फोन यायला लागला आणि सासरे-जावई मोडक्यातोडक्या इंग्रजीत मनसोक्त भांडायला लागले. संघ मात्र दळभद्री. "आमचे दरवर्षीचे नापास," काकाच म्हणायचे. एप्रिल उजाडताच संघ स्पर्धेबाहेर पडायचा आणि फोनही ऑक्टोबरपर्यंत गप्प व्हायचा.

गेल्या मोसमात काय चमत्कार झाला कोण जाणे, एक नवा कोवळा गोलकीपर आला आणि नापास मंडळी जिंकायला लागली. त्यातच एका सकाळी काकांची दुधाची पिशवी चुकून माझ्या दाराला अडकवलेली दिसली. ती द्यायला गेले, उंबऱ्यात पाय ठेवला आणि गोल झाला.

"विद्या, हलू नकोस!"

"काका, गॅसवर भाजी आहे!"

भाजी जळली, सामना जिंकला. त्या दिवसापासून माझ्यामागे शुक्लकाष्ठ लागलं. सामना असला की काका बेल वाजवणार आणि मी ऑफिसच्या कपड्यांत, हातात ठिबकणारी पिशवी घेऊन त्यांच्या दारात उभी. एकदा दूध आधीच तापवलं होतं म्हणून पातेलं घेऊन गेले. काकांनी मला तस्संच खाली डेअरीत पिटाळलं. "पातेल्याने कधी गोल झालाय?"

"मला ऑफिस आहे हो!"

"ऑफिस रोजचंच आहे. बाद फेरी आम्ही पहिल्यांदा बघतोय."

एके दिवशी माझं डोकंच फिरलं. "ते जिंकले काय, हरले काय, तुम्हाला काय मिळणार आहे?"

काकांनी टीव्हीवरची नजर काढली नाही. "जिंकले तर परवा परत फोन येईल."

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

उपांत्य फेरीच्या शेवटच्या सामन्यात जादा वेळ खेळून संघ हरला. मी शेवटपर्यंत उभी होते. ऑफिसात साहेबांची बोलणी खाल्ली आणि दिवसभर त्या गोलकीपरला शिव्या घातल्या. त्या दिवशी फोन खूप वेळ चालला. तो ठेवल्यावर काका म्हणाले, "चला, आता ऑक्टोबर."

ऑक्टोबर त्यांनी पाहिला नाही. सप्टेंबरमध्ये झोपेतच गेले. स्वप्ना आली, नवराही आला. तो उंच माणूस काकांच्या उंबऱ्याकडे बराच वेळ बघत उभा राहिला. मला वाटलं, बावरला असेल बिचारा. दोघं परत गेली, घराला कुलूप लागलं आणि माझी झोप आता कोणी मोडत नव्हतं. तरी पहाटे जाग यायचीच, काकांचा रागही यायचा. एवढी सवय लावून असं न सांगता जायचं का?

परवा सकाळी मी चहा टाकला होता. फोन वाजला. स्वप्ना होती.

"विद्या, मॅच सुरू झाली गं. हा विचारतोय, तू दारात उभी आहेस का?"

चहा उतू जात होता. मरो तो चहा.

"थांब म्हणावं," मी म्हटलं, "पिशवी घेऊन येते."